तीन पायांची तिवई: एका तबलावादकाच्या वहीतून शिकलेला धंदा



मागच्या वर्षी आपल्या रविवारच्या बॅचला एक तबलावादक आले होते. बाकी सगळे मसाले, केटरिंग, शिवणकाम, मोबाइल दुरुस्तीवाले. ओळख करून देताना ते म्हणाले, "सर, माझं दुकान नाही. मीच दुकान आहे." सगळे हसले. पण पुढचं वाक्य ऐकून हसू थांबलं. "बायको म्हणते, नोकरी बघा. एक ऑफर आहे, शाळेत संगीत शिक्षकाची. एक महिन्यात उत्तर द्यायचंय."

मी त्यांना वही काढायला सांगितली. पुढच्या वर्षभरात त्या वहीने मलाच एक धडा शिकवला. आजच्या व्हिडिओत तो फळ्यावर मांडलाय, इथे सविस्तर लिहितो. तुम्ही गाणं-बजावणं करत नसाल तरी वाचा. कारण एकट्याच्या कसबावर चालणारा कुठलाही व्यवसाय असाच चालतो.

कलाकाराच्या पैशाच्या तीन वाटा

वादकाचं काम आपल्याला स्टेजवर दिसतं तेवढंच वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे दौरे. गायकाला साथ करायला गावोगावी जायचं. आपल्याकडे याचा हंगाम ठरलेला. आषाढीला अभंगवाणी, मग गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, डिसेंबर-जानेवारीतले संगीत महोत्सव, मग गुढीपाडवा पहाट. मधे पितृपक्षात फोन वाजत नाही, आणि ऐन मे-जूनच्या उन्हापावसात तर वहीची पानं कोरी.

दुसरी वाट रेकॉर्डिंगची. अल्बम, जाहिरात, मालिकेचं शीर्षकगीत, कुणाचं भक्तिगीत. इथे स्टेजवरच्यासारखं चुकून सावरता येत नाही. बोल स्वच्छ लागतो, लय काटेकोर लागते आणि दुसऱ्याचं दोन मिनिटांत ऐकून उचलावं लागतं.

तिसरी वाट मात्र बहुतेक जण धंद्यात मोजतच नाहीत. ती म्हणजे ऐकणारा माणूस टिकवणं. छोटी बैठक भरवणं, नव्या गायकाला कमी पैशात साथ करणं, गावातला संगीत महोत्सव उभा करायला हात लावणं, शिकवणं. यात खिशातले जातात असंच सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं.

आधी हिशोब: पाकिटातले पैसे आणि तासाचे पैसे

आमच्या तबलावादकांची पहिली नोंद अशी होती: "नाशिक कार्यक्रम, ६,००० रुपये." खाली जाड रेघ. ते खूश होते.

मी म्हटलं, तास मोजू. (आकडे मी गोल केलेत.) कार्यक्रम ३ तास. साउंड चेक २ तास. पुणे ते नाशिक जाऊन-येऊन १० तास. दोन तालमी मिळून ६ तास, त्यांचं येणं-जाणं २ तास. गाणी घरी बसवायला ४ तास. तबले सुरात लावणं, बांधाबांध १ तास. पडदा उघडायची वाट बघत २ तास. एकूण ३० तास.

आता खर्च. तालमीला रिक्षा ४००, बाहेरचं खाणं ३००, आणि तबल्याची झीज धरून ५००. पुडी काही जन्मभर टिकत नाही. पावसाळी हवेत ती सैल पडते, उन्हात ताणते. शिवाय एका गायिकेला काळी चार लागते, दुसऱ्या गायकाला काळी एक, म्हणून दोन-तीन तबले सोबत न्यावे लागतात. ते सगळं ओझं, सगळी झीज वादकाच्याच माथी.

६,००० मधून १,२०० गेले, ४,८०० राहिले. भागिले ३० तास. ताशी १६० रुपये.

ते गप्प बसले. मी म्हटलं, आता रेकॉर्डिंग मांडा. एका सेशनचे ३,०००, प्रवासखर्च ३००. वेळ, येणं-जाणं धरून साडेचार तास. ताशी ६०० रुपये.

मग त्यांनी तिसरी नोंद दाखवली. आपल्याच भागातल्या एका छोट्या सभागृहात ते महिन्याला एक बैठक भरवत. ४० माणसं, २०० रुपये तिकीट, ८,००० जमा. सभागृह १,५००, पाहुणा कलाकार ४,०००, चहा-नाश्ता ८००, किरकोळ २००. खर्च ६,५००, उरले १,५००. पण फोनाफोनी, खुर्च्या-सतरंज्या, तिकिटं, सगळं धरून २० तास जात होते. ताशी ७५ रुपये.

मी काय सांगितलं असेल? जे कुठलाही व्यवसाय प्रशिक्षक सांगेल तेच. "बैठक बंद करा. तो वेळ रेकॉर्डिंगला द्या."

त्यांनी मान डोलावली आणि बैठक चालूच ठेवली. शाळेला मात्र "नाही" कळवलं. ते ऐकून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आपल्या फळ्यावरच्या आकडेमोडीवर कुणीतरी घर चालवायला निघालाय, ही जबाबदारी साधी नसते.

एकाच पायावर उभं राहिल्यावर काय होतं

आता जरा इतिहासात जाऊ. "फक्त रेकॉर्डिंग करा" हा माझा सल्ला मुंबईत एका अख्ख्या पिढीने आधीच जगून पाहिला होता.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून अनेक वादक मुंबईत आले. रात्री हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये वाजवायचं आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत, असं त्यांचं आयुष्य. चिक चॉकलेट, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी नावं. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात प्यारेलालजींनी आपल्या गुरूचं नाव अजरामर केलं.

त्या काळी एका गाण्याला स्टुडिओत डझनावारी वादक एकत्र बसत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. काम भरपूर होतं. पण मग मल्टिट्रॅक आलं, सिंथेसायझर आला. एका कीबोर्डमधून व्हायोलिनचा अख्खा ताफा वाजू लागला. शतक संपता संपता मोठे ऑर्केस्ट्रे आटत गेले. ज्यांची सगळी कमाई स्टुडिओवर होती, त्यांचा हात कितीही गोड असो, फोन वाजायचे थांबले.

"म्हणजे स्टेजच बरं," असं म्हणू नका. मार्च २०२० आठवा. एका आठवड्यात नाट्यगृहं बंद, लग्नं बंद, त्या वर्षीचे गणपती सुद्धा साधेपणाने. ज्यांची सगळी कमाई दौऱ्यांवर होती, त्यांची डायरी एका रात्रीत कोरी झाली. तेव्हा तगले कोण? ज्यांनी घरातल्या खोलीत माइक आणि ऑडिओ इंटरफेस लावून ट्रॅक पाठवायला सुरुवात केली ते, आणि ज्यांच्याकडे शिकणारी मुलं होती ते.

एकदा तंत्रज्ञानाने स्टुडिओचा पाय मोडला, एकदा साथीच्या रोगाने स्टेजचा. दोन्ही वेळा वादकाची चूक काहीच नव्हती. तुमच्या धंद्यातही पाय मोडेल तेव्हा तुमची चूक असेलच असं नाही.

भीमसेनजींचं एक वर्ष

तिन्ही पाय एकाच माणसाने भक्कम कसे ठेवले हे बघायचं असेल तर पंडित भीमसेन जोशींकडे बघा. त्यांच्या गाण्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. मी फक्त कामाच्या पद्धतीबद्दल बोलतोय.

दौरे म्हणाल तर देशभर सतत. गाडी चालवण्यात तरबेज, मैफलीला कितीतरी वेळा स्वतः गाडी हाकत जायचे. विमानाने इतके फिरत की त्यांना कौतुकाने 'हवाई गंधर्व' म्हणू लागले. रेकॉर्डिंग म्हणाल तर ऐन तारुण्यातच त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, मुंबईत रेडिओवर काम केलं, पुढे संतवाणी घराघरांत पोहोचली.

आणि तिसरा पाय? १९५२ साली त्यांचे गुरू सवाई गंधर्व गेले. १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनजींनी वर्षानुवर्षं त्याच्या आयोजनाचा भार वाहिला. गंमत बघा, त्याच १९५३ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटासाठीही ते गायले. म्हणजे मैफली, ध्वनिमुद्रण आणि दुसऱ्यांच्या गाण्यासाठी मंच उभा करणं, तिन्ही कामं एकाच वर्षात.

महोत्सव त्यांनी गुरुऋणातून केला, धंदा म्हणून नाही. हे स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर सगळ्यात पैसाच बघतात. पण परिणाम काय झाला ते पाहा. दर वर्षी तिकीट काढून, भारतीय बैठकीवर मांडी घालून शास्त्रीय संगीत ऐकणारा हजारोंचा श्रोता पुण्यात तयार झाला. दिग्गजांच्या मंचावर नव्या कलाकाराला जागा मिळाली. सवाईत गाणं झालं की त्या कलाकाराकडे बघायची आयोजकांची नजर बदलते. आज पुण्यातल्या कुठल्याही तबलावादकाला, हार्मोनियमवादकाला जे काम मिळतं, त्यात अशा तयार श्रोत्याचा वाटा आहे.

ग्राहक आयता मिळत नाही मित्रांनो. कुणीतरी तो घडवलेला असतो.

वहीतला तिसरा रकाना

आता परत आपल्या तबलावादकांकडे. वर्षाने ते भेटायला आले. वही तीच, पण रक्कम आणि तास या दोन रकान्यांशेजारी त्यांनी तिसरा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, "कुठून आलं?"

वर्षात ११ बैठका झाल्या, गणपतीच्या महिन्यात सुट्टी. बैठकीतून थेट शिल्लक १६,५०० रुपये. माझ्या फळ्यावर एवढंच दिसत होतं. पण तिसरा रकाना बोलत होता.

बैठकीला येणाऱ्यांपैकी पाच जणांनी आपली मुलं शिकायला पाठवली. महिना १,००० रुपये, वर्षात सरासरी आठ महिने, म्हणजे ४०,०००. एका श्रोत्याने वडिलांच्या एकसष्टीला, दुसऱ्याने नव्या घराच्या वास्तुशांतीला घरगुती मैफल ठेवली, प्रत्येकी ८,०००, म्हणजे १६,०००. आणि बैठकीला पाहुणा म्हणून आलेल्या एका गायकाने आपल्या अल्बमला त्यांनाच बोलावलं, १२,०००.

एकूण ६८,०००. थेट शिल्लक धरून ८४,५००.

शिकवायला वेळ लागतो, मैफलीलाही लागतो, तो हिशोबात धरायलाच हवा. पण हे काम आलं कुठून, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मी फक्त "किती मिळाले" विचारलं. ताशी ७५ रुपयांची म्हणून जी बैठक मी बंद करायला सांगितली होती, तीच त्यांची जाहिरात होती, शोरूम होतं आणि ओळखीपाळखीचं दुकान होतं. जाहिरातीला ते पैसे देत नव्हते, उलट जाहिरातच त्यांना दर महिन्याला १,५०० देत होती.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सर, तास मोजायला तुम्हीच शिकवलंत. त्यामुळेच नाशिकचे ६,००० आता ९,००० झालेत."

बदली देणारा माणूस

त्यांच्याकडून शिकलेली आणखी एक गोष्ट. परदेशचा दौरा आला की वादक हुरळून जातो. तिकडे महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम बहुतेक शनिवार-रविवारी. मधले दिवस रिकामे. आणि आपण महिनाभर नसलो की इथला नेहमीचा गायक दुसरा माणूस शोधतो.

बरेच जण घाबरून कुणाला सांगतच नाहीत. हे गृहस्थ दौऱ्याला जायच्या आधी स्वतःच बदली वादक देऊन जातात. त्याला गाणी समजावतात, तालमीला सोबत नेतात. मी विचारलं, "त्याने तुमची जागा घेतली तर?" म्हणाले, "घेतली तर घेतली. पण मी परत आलो की गायक मला फोन करतो, कारण माझ्यामुळे त्याचा कार्यक्रम पडला नाही. आणि त्या मुलाला दोन कामं आली की एक तो मला सांगतो."

कागदपत्रं: इथे कलाकार मार खातो

आता कोरडा पण कामाचा भाग.

एक. रेकॉर्डिंगला जाताना दोन ओळींचं का होईना, लेखी घ्या. काम कशाचं, रक्कम किती, नाव कुठे येणार, आणि रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरणार. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज सुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा.

दोन. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत जादूगार, गारुडी आणि चक्क व्याख्यान देणारा माणूसही येतो. म्हणजे तुमचा हा सरसुद्धा! कलाकाराच्या आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला आणि कलाकारांचे हक्कही वाढले. स्वतः चाल बांधत असाल तर आयपीआरएस, गात-वाजवत असाल तर इसाम्रा, या संस्थांच्या सदस्यत्वाची चौकशी करा.

तीन. कंपनी किंवा संस्था मानधन देताना टीडीएस कापते. तो पैसा बुडालेला नसतो. विवरणपत्र भरलं की करात वळता होतो, जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो. पण भरलं तरच. शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाला ठरावीक मर्यादेपर्यंत जीएसटीत सूट आहे, सुगम आणि फिल्मी संगीताला ती तशी लागू होत नाही. आपलं काम कशात बसतं ते सीएला विचारून घ्या.

चार. बैठक भरवणार असाल आणि ध्वनिक्षेपक लावणार असाल तर परवानगी आधी. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देतं. चाळीस माणसांच्या खोलीत माइक लागतच नाही, आणि तबला माइकशिवाय ऐकण्यातली मजा तर औरच.

तुमच्या धंद्यात हे कसं उतरवाल

केटरिंगवाल्या ताईंसाठी दौरा म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी. दगदग मोठी, पाकीट जाड, तासाचा दर बारीक. रेकॉर्डिंग म्हणजे एकदा करून पुन्हा पुन्हा विकलं जाणारं, लोणचं, मसाला, पुरणाची पाकिटं. आणि बैठक म्हणजे सोसायटीत महिन्याला एक दिवस केलेला थालीपीठांचा स्टॉल, ज्यात फार काही सुटत नाही पण चव तोंडात राहते.

आजच तीन कामं करा. वहीत रक्कम, तास आणि "कुठून आलं" असे तीन रकाने आखा. महिनाअखेर बघा, तुमची सगळी कमाई एकाच पायावर आहे का. असेल तर दुसरा पाय लहान का होईना, टेकवायला सुरुवात करा. आणि ज्या कामात पैसे सुटत नाहीत ते बंद करण्याआधी एक वर्ष तिसरा रकाना भरा. माझ्यासारखी घाई करू नका.

आमचे तबलावादक आता महिन्याला दोन बैठका भरवतात. दुसरी नव्या मुलांसाठी, तिकीट ५० रुपये. मागच्या बैठकीला मी गेलो होतो. त्यांच्या पत्नी दाराशी तिकिटं फाडत होत्या. मी पाकीट काढलं तर म्हणाल्या, "सर, तुम्हाला फुकट नाही. तुम्हीच सांगितलंय ना, हिशोब म्हणजे हिशोब?"

मी मुकाट्याने ५० रुपये दिले आणि सतरंजीवर जाऊन बसलो.

भेटू पुढच्या रविवारी. वही घेऊन या.